कामगाराचे ताट आणि कामाची पाळी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आहार आणि आरोग्य ह्या विषयावर बोलण्यास आम्हांला पाचारण केले, तेव्हा त्यांच्या हातून पत्त्यात काही गफलत झाली असावी असे आम्हांला वाटले. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी आमची शाळा सुटली ती कायमचीच. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन. गेली तीस वर्षे बसवाल्यांच्या संघटनेचे काम करीत आहो. परंतु चालकांनी सांगितले की, डॉक्टर पुष्कळ बोलून गेले. आता ज्याला डॉक्टर उपदेश करतात त्या माणसाच्या बाजूने कोणी बोलावे. तेव्हा आम्ही होकार दिला.

काही काळापूर्वी आमच्या एका ड्रायव्हर सोबत्याला कामावर असताना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात लुळा पडू लागला तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला आणि मग मान टाकली. गाडीतील उतारू सुखरूप घरी गेले. आमचा गडी मात्र पुन्हा चाकावर बसू शकला नाही. त्याला रक्तदाबाचा विकार होता हे त्याला, त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या मालकालाही ठाऊक नव्हते. ह्या घटनेनंतर संघटनेने डेपोजवळच्या एका शाळेत तपासणी शिबीर भरविले. तेथे एका ड्रायव्हरला डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: मीठ कमी करा, वेळेवर जेवा, रोज चाला, रात्री पुरेशी झोप घ्या. त्याने तो कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, डॉक्टरांचं सगळं खरं आहे. पण ह्यातलं माझ्या हातात काय आहे, तेवढं सांगा."

आजचे आमचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न होय.

प्रथम एक जुनी गोष्ट. इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याजवळ बसल्यावर वैद्याने काय दुखते, कधीपासून दुखते हे विचारावे, असा पूर्वापार दंडक होता. रामाझ्झिनीने त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालण्यास सांगितले: तू काम काय करतोस? त्याला तीनशेहून अधिक वर्षे लोटली. तरी आजही तपासणीच्या खोलीत हा प्रश्न क्वचितच कानी पडतो. आणि विचारला गेलाच, तर उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून तेथेच राहते.

कामाचा आणि शरीराचा संबंध किती निकट असतो ह्याचे एक उत्तम उदाहरण आमच्याच धंद्यातले आहे. लंडन शहराच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे असत. एक ड्रायव्हर, दुसरा कंडक्टर. दोघांची वस्ती बहुधा सारख्याच मोहल्ल्यांतली, सामाजिक दर्जा जवळजवळ सारखा, गाडी तर एकच. फरक इतकाच की, ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून काढी आणि कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभरात पाचशे-सातशे पायऱ्या चढे. जेरी मॉरिस ह्या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांसह अशा सुमारे एकतीस हजार पुरुषांच्या आजारांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला. कंडक्टरांत तो कमी, झालाच तर उशिरा, आणि झाला तरी तितका प्राणघातक नाही. टपालखात्यातही हीच तऱ्हा दिसली. पायी वा सायकलीवर फिरणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा हृदयाने अधिक सुदृढ होता.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता विचारील की, कदाचित मुळातच स्थूल माणसे ड्रायव्हर होत असतील. मॉरिसलाही ही शंका आली. त्याने कर्मचाऱ्यांना शिवून दिलेल्या गणवेषांची मापे मिळविली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कंबरपट्टा खरोखरच मोठा होता, आणि नोकरीच्या आरंभीही तो काहीसा मोठाच होता. हा दोष त्याने लपविला नाही, स्वतःच छापून टाकला. शास्त्र म्हणतात ते ह्याला. परंतु त्यानंतर इतर अनेक देशांत झालेल्या अभ्यासांनी मुख्य मुद्दा पक्काच केला: जो हालचाल करतो त्याचे हृदय अधिक टिकते. मुंबईत दुमजली बस १९३७ साली धावू लागली आणि जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्या २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या जिन्यावरून चढउतार करणाऱ्या आमच्या कंडक्टरांना आपण व्यायाम करीत आहो असे कधी वाटले नसेल. काम म्हणून केलेल्या त्या चढण्याने त्यांच्या हृदयाची राखण मात्र केली असेल.

आता ताटाकडे येऊ. ताटाची गोष्ट जावा बेटातल्या कोंबड्यांपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बेरीबेरी नावाच्या रोगाने लष्करातले शिपाई आणि तुरुंगातले कैदी पटापट मरत. पायांतले बळ जाई, अंगाला सूज येई, हृदय थांबे. आइकमन हा डच डॉक्टर जंतूंचा शोध घेत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडू लागल्या, आणि मग आपोआप बऱ्या झाल्या! चौकशी करता कळले की, काही दिवस त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घालीत होते. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले, आणि त्यांना पुन्हा कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला. पुढे फोर्डरमन ह्या अधिकाऱ्याने जावातल्या शंभराहून अधिक तुरुंगांची पाहणी केली. जेथे कोंडा न काढलेला तांदूळ होता तेथे बेरीबेरी जवळजवळ नव्हती. जेथे सडून पांढरा केलेला तांदूळ होता तेथे ती बोकाळली होती. कोंड्यातील तो पदार्थ म्हणजे आज आपण ज्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो तो. आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या गोष्टीत आम्हांला कोंबड्यांपेक्षा कैद्यांचे अधिक वाटते. त्यांनी पांढरा तांदूळ निवडला नव्हता. ठेकेदाराने जो पुरविला तो त्यांनी खाल्ला आणि ते मेले. आमचे कामगार कैदी नाहीत हे खरे. परंतु पहाटे चारला घर सोडणाऱ्याला, दुपारी फेऱ्यांमध्ये दहा मिनिटे मिळणाऱ्याला, स्टॅण्डाबाहेर फक्त वडापावचीच गाडी असणाऱ्याला, आपण काय खावे ह्याची निवड कितपत असते?

आमच्या लहानपणी वडिलांच्या खोलीवरचे गडी लालबागेतल्या खानावळीत जेवत. भाकरी, आमटी, एखादी भाजी, आठवड्यातून एकदा मटण. त्या खानावळी चालविणाऱ्या बायांची १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. ते जेवण काही राजेशाही नव्हते. पण ते ज्वारी-बाजरीचे होते, ताजे होते, आणि माणूस बसून ते जेवत असे. ज्वारी, बाजरी, नाचणी ह्यांचा कोंडा पिठातच राहतो. त्यातील चोथ्यामुळे अन्न सावकाश पचते आणि रक्तातील साखर एकदम उसळत नाही. नाचणीत तर दर १०० ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. वजनास वजन धरले तर दुधाच्या दुपटीहून अधिक! तरीपण भाकरी हे औषध आहे असे समजू नये. बसून काम करणाऱ्याने नांगर धरणाऱ्याइतक्या भाकऱ्या खाल्ल्या तर त्याची साखर वाढणारच. आमच्या वडिलांच्या पिढीने मापाखाली उभे राहून आठ तास काढले. आमची पिढी चाकामागे बसून काढते. ताटातला धान्याचा ढीग मात्र तेवढाच राहिला, आणि वर मैद्याचा पाव आला. ताटाचा निम्मा भाग भाजी-कोशिंबिरीने, पाव भाग डाळ-उसळ वा अंडी-मासळीने आणि उरलेलाच भाग भाकरी वा भाताने भरावा, हा हिशेब सोपा आहे आणि आम्ही तो डेपोच्या फळ्यावर चित्र काढून लावला आहे.

मिठाची गोष्ट थोडी अधिक समजून घेण्यासारखी आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. पाणी वाढले की रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो, त्यांच्या भिंतींवरचा दाब वाढतो, आणि हृदयाला तेच काम अधिक जोराने करावे लागते. वर्षानुवर्षे असे चालले की मेंदूतली एखादी वाहिनी फुटते वा तुंबते. आमच्या सोबत्याचे असेच काही झाले असावे. रोग असा की, तो दुखत नाही. म्हणून तो मोजावाच लागतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक लहान चमचा. आणि त्यात सारे आले. आमटीतले, भाकरीतले, लोणच्यातले, पापडातले, फरसाणातले, पावातले आणि बिस्किटातलेसुद्धा! आपण साधारणतः ह्याच्या दुपटीच्या आसपास खातो. घरच्या भाजीत चिमूटभर मीठ कमी करून खिशात शेवचिवड्याची पुडी ठेवली, तर वजाबाकी कोठे झाली? एक दिलासा मात्र आहे. जीभ ही सवयीची दासी आहे. मीठ हळूहळू कमी केले तर काही आठवड्यांत तिला कमी मीठच पुरेसे वाटू लागते. लिंबू, आमसूल, लसूण, मिरी ह्यांनी चव भरून निघते. आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी मीठ कमी केले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हे आम्ही हात जोडून सांगतो.

चहाविषयी बोलताना आम्हांला स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. संघटनेचे काम म्हणजे चहा. कोणाच्या घरी गेलो तर चहा, वाटाघाटी झाल्या तर चहा, फिसकटल्या तरी चहा. दोन सपाट चमचे साखर म्हणजे ८ ग्रॅम. दिवसाला सहा कप म्हणजे ४८ ग्रॅम. अशा वरून घातलेल्या साखरेची सामान्य मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम, आणि २५ च्या आत राहिलेले अधिक बरे. म्हणजे आमचा कोटा चहातच संपत होता. पन्नाशीला आम्हांला मधुमेहाने गाठले. आमच्यासारखे पुष्कळ आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लक्ष त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आता आम्ही चहा बिनसाखरेचा घेतो. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला. आज साखरेचा चहा पाकासारखा लागतो.

भगिनींसाठी चहाची आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. जेवण आणि चहा ह्यांत तासाभराचे अंतर ठेवावे. उलट लिंबू वा आवळा लोह अंगी लागण्यास साहाय्य करतो. आणि तंबाखू? तिच्याबद्दल फार बोलावयास नको. मळलेली असो, गुटख्यातली असो की घरोघरी दातांना लावली जाणारी मिश्री असो, ती तोंडाच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. झोप घालविण्यासाठी, भूक मारण्यासाठी आमचे गडी ती तोंडात धरतात. भूक मारावी का लागते, हा प्रश्न मात्र आम्ही मागे ठेवणार नाही.

कारण आता पाळीचा विचार आला. शरीराला एक आतले घड्याळ असते. रात्री ते शरीराला विश्रांतीची सूचना देते. त्या वेळी जेवले तर तेच अन्न रक्तातील साखर अधिक वाढविते. रात्रपाळीचे काम हे कर्करोगाचे संभाव्य कारण आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली दिला आणि २०१९ साली तो कायम केला. आज सकाळपाळी, उद्या रात्रपाळी, परवा पुन्हा सकाळ, अशी घालमेल तर सर्वांत वाईट. पाळी बदलावयाचीच तर सकाळ, दुपार, रात्र ह्या क्रमाने बदलावी. शरीराला तो क्रम सोसतो. आणि एक गोष्ट लाजेची आहे, पण सांगितलीच पाहिजे. आमच्या कितीतरी कंडक्टर भगिनी कामावर पाणी पीतच नाहीत, कारण फेरीच्या टोकाला शौचालय नाही. मग मूत्रमार्गाचा दाह होतो, मुतखडे होतात. त्यांना भरपूर पाणी प्या असा उपदेश करणाऱ्याने प्रथम त्या टोकाला जाऊन पाहावे!

म्हणून आम्ही म्हणतो की, आरोग्य हे केवळ जिभेच्या संयमाचे फळ नव्हे. इंग्लंडात १९६७ पासून सरकारी कचेऱ्यांतील हजारो पुरुष नोकरांची पाहणी झाली, ती व्हाइटहॉलची पाहणी म्हणून प्रसिद्ध आहे. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-दारवान ह्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील साहेबांच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी सर्व हिशेबात धरूनही त्या तफावतीचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. बाकीचा भाग माणसाच्या परिस्थितीत, आणि आपल्या कामावर त्याचा स्वतःचा किती ताबा आहे ह्यात शोधावा लागला.

आपल्याकडे हे मर्म फार पूर्वी एका माणसाने ओळखले होते. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. ती सुट्टी कोणा वैद्याने लिहून दिली नव्हती. परंतु कामगारांच्या प्रकृतीसाठी तिच्याइतके मोठे औषध क्वचितच कोणी दिले असेल. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आणि शंभर वा अधिक कामगारांच्या ठिकाणी भोजनगृह ही तत्त्वे घातली. २०२० साली संमत होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेत तो कायदा विलीन झाला. शंभर कामगारांमागे भोजनगृहाची तरतूद तिच्यातही आहे, आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजावयाचे आहेत. हे आकडे प्रत्येक कामगाराने पाठ करावेत. भोजनगृह असणे आणि त्यात डाळ, भाजी व भाकरी मिळणे ह्यांत मात्र अंतर आहे, आणि ते अंतर मागणीनेच तुटते.

तर मग त्या ड्रायव्हरच्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्ही त्याच्याबरोबर बसलो आणि डॉक्टरांच्या कागदाच्या पाठीमागे दोन रकाने आखले. एक 'माझ्या हातात', दुसरा 'आपल्या हातात'. पहिल्यात लिहिले: डब्यात भाकरी व उसळ, लोणचे-पापड बंद, चहातली साखर निम्मी, तंबाखू सोडणे, फेरी संपल्यावर गाडीभोवती घिरट्या घालून दहा-दहा मिनिटे चालणे, कारण आठवड्याला दीडशे मिनिटांचे भरभर चालणे अशा तुकड्यांनीही भरते, गोळी न चुकता घेणे आणि महिन्याला दाब मोजणे. दुसऱ्यात लिहिले: जेवणाची पुरी अर्ध्या तासाची सुट्टी, फेरीच्या टोकाला पिण्याचे पाणी, तेथेच शौचालय, पाळीचा सुसह्य क्रम, वर्षाला एक मोफत तपासणी. पहिल्या रकान्याखाली त्याने एकट्याने सही केली. दुसऱ्या रकान्याचा अर्ज झाला आणि त्याखाली डेपोतल्या साऱ्यांनी सह्या केल्या.

त्या अर्जाला आज दीड वर्ष झाले. जेवणाचा अर्धा तास मिळाला. पाणी मिळाले. शौचालयाचे घोंगडे अजून भिजत पडले आहे, आणि त्यासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा मालकाच्या दारात उभे राहणार आहो. त्या ड्रायव्हरचा रक्तदाब गोळीने आणि पथ्याने ताब्यात आला आहे. मागच्या महिन्यात तो आपला डबा उघडून आमच्यापुढे धरीत म्हणाला, "भाऊ, एक रकाना पुरा झाला. दुसऱ्याचं बघा."

बंधुभगिनींनो, आपणांपैकी जे नोकरी करतात त्यांनी आज घरी गेल्यावर असे दोन रकाने आखावे. पहिल्यासाठी कोणाची वाट पाहू नये. दुसऱ्यासाठी एकट्याने लढू नये. आणि आपणांपैकी जे दुसऱ्यांना नोकरीवर ठेवतात, मग तो कारखाना असो की घरातील धुणीभांडी करणारी बाई असो, त्यांनी एवढेच पाहावे की ती माणसे जेवतात केव्हा, आणि बसून जेवतात की उभ्याने.